गणपतीला घर मोकळं

आमच्या धंद्यात खोली बघायला आलेला माणूस पहिला प्रश्न भाड्याचा विचारत नाही. पाणी किती वाजता येतं, हाही नाही. नवखा असला तर विचारतो बापडा. पण रत्नागिरीत दोन पावसाळे काढलेला माणूस उंबऱ्यातच थांबतो आणि विचारतो, "गणपतीला काय?"

बाहेरच्या वाचकांना हे कळायचं नाही, म्हणून फोड करून सांगते. आमच्याकडे घरांचा तुटवडा आहे असं सगळेच म्हणतात, आणि ते खरंही आहे. बदलीवर आलेले मास्तर, बँकेतली मुलं, दवाखान्यांतल्या नर्स, कारखान्यातले कामगार खोलीसाठी वणवण करतात. आणि त्याच गावात दिवेलागणीला एखाद्या वाडीतून चालत जा, घरामागून घर अंधारात. पडकी नव्हेत हो, चांगली चिऱ्याची घरं. कौलं शाकारलेली, अंगण झाडलेलं, दाराला कुलूप. मालक मुंबईला. किल्ली शेजारच्या काकूंकडे, त्या सणावाराला देवापुढे दिवा लावून येतात. अकरा महिने त्या घरात पाल चुकचुकते आणि भाद्रपदात त्याच घरात माणसं मावत नाहीत.

अशा मालकाला घर भाड्याने द्या म्हटलं की तो दचकतो. भाडेकरू आत घुसला की निघत नाही, ही भीती इथे हवेतच आहे. शिवाय गणपतीला आपलंच घर आपल्याला मिळालं नाही तर? एवढ्या एका धास्तीपायी कितीतरी घरं बंद राहतात. तर या दोघांच्या मध्ये उभं राहायचं, हा माझा धंदा होता. एजंट म्हणा, दलाल म्हणा. गावात मला 'मयेकर वहिनी' म्हणतात, आणि "वहिनींना विचार" याचा अर्थ "खोली शोध" असा होतो.

धंदा मी ठरवून सुरू केला नाही. कचेरीच्या उतारावर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान होतं. लोक करारनामे टाइप करून घ्यायला यायचे आणि जाताजाता विचारायचे, "वहिनी, एखादी खोली आहे का बघण्यात?" दोन माणसं एकाच बाकावर बसलेली असायची. एकाला घर हवं असायचं, दुसऱ्याकडे रिकामं असायचं, आणि दोघं एकमेकांकडे पाठ करून झेरॉक्स मोजत असायची. किती दिवस गप्प बसणार?

माझी युक्ती साधी होती. भाड्याचा करार अकरा महिन्यांचा असतो, हे तुम्हाला माहीत असेल. तो मी अशा बेताने लिहायचे की बारावा महिना बरोबर भाद्रपदावर पडावा. गणपती गेल्यावर भाडेकरूने आत यायचं, पुढच्या गणपतीच्या आधी सामान एका खोलीत लोटून, कुलूप लावून गावी जायचं. मालक यावेत, आरत्या व्हाव्यात, मालक जावेत, की भाडेकरू परत, नवा करार. कागदावर फक्त तारखा असायच्या. गणपतीचं बोलणं तोंडी व्हायचं, कारण देवाला अटींत बसवायला कोणी मालक तयार नसे. दोन्ही बाजू खूश. मला स्वतःचं फार कौतुक होतं.

या धंद्यात माणसांचे काय काय नमुने पाहिले! पेठकिल्ल्याच्या बाजूला एक आजीबाई होत्या, त्यांची एकच अट, भाडेकरू शाकाहारी नको. बाकी सगळीकडे उलटी रड ऐकलेली, म्हणून मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. त्या म्हणाल्या, "मेला तो मागचा मास्तर. मी अंगणात सुकट घातली की नाकाला रुमाल लावून जायचा. माझ्याच अंगणात मी चोर? मासे खाणारा आण, नायतर घर बंद बरं." मी देवरूखचा एक मासेखाऊ कारकून आणून दिला. सहा महिन्यांनी गेले तर तो सुकटीवर बसलेले कावळे हाकलत होता आणि आजीबाई घोरत होत्या.

दुसरे एक चिपळूणचे गृहस्थ. पुरात त्यांचं दुकान आणि घर दोन्ही गेलं होतं. मुलीच्या शिक्षणासाठी रत्नागिरीत बिऱ्हाड करायचं होतं. मी त्यांना नाचणे गावाच्या चढावर घर दाखवलं, एवढं उंच की रिक्षावाला जास्त पैसे मागतो. त्यांनी खोल्या बघितल्या नाहीत, खिडक्या बघितल्या नाहीत. भिंतीला हात लावून विचारलं, "पाणी कुठपर्यंत येतं?" मी म्हटलं, "अहो, इथे नळाचं येताना मारामार." ते हसले नाहीत. मग मीही हसले नाही. मालकीणबाई आतून ऐकत होत्या. त्यांनी येऊन न विचारता माळ्याची शिडी दाखवली आणि म्हणाल्या, "माळा पण तुमचाच समजा. काय महत्त्वाचं असेल ते वर ठेवा." घर देणं म्हणजे काय, ते त्या बाईंना करारनामा न वाचता कळलं होतं.

पण मला ज्यांच्याबद्दल सांगायचं आहे ते नाटेकर सारंग. जहाजावर खलाशांचा जो मुकादम असतो त्याला सारंग म्हणतात. नाटेकरांनी उभा जन्म बोटींवर काढला आणि निवृत्त होऊन डोंबिवलीला मुलाकडे राहिले. इथे रत्नागिरीत, मांडवीला त्यांचं वडिलार्जित घर. पुढे पडवी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर, एवढाच विस्तार. माणूस मोठा खडूस. त्यांच्या घरासाठी मी लागोपाठ तीन वर्षं त्यांच्या मागे होते. प्रत्येक गणपतीला जायचे, मोदक खायचे आणि नकार घेऊन यायचे. चौथ्या वर्षी म्हणाले, "वहिनी, तुमच्या शब्दावर देतंय. भाडं उशिरा आलं तर चालेल. खिळे मारलेले चालतील. पण गणपतीला घर मोकळं. माझा बाप त्याच माजघरात गणपती बसवायचा, त्याचा बापही तिथंच. आढ्याला माटवीचे हूक त्यांनी मारलेले हायत." माटवी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट, तिला रानातली फळं-फुलं बांधतात. मी म्हटलं, "सारंगकाका, ते माझ्यावर सोडा."

घर मी दीपालीला दिलं. लातूरकडची मुलगी, इथल्या एका इस्पितळात नर्स. नवरा पोफळीला, वीजघरात ठेकेदाराकडे कामाला, चार जणांत एका खोलीत राहणारा. सुट्टी मिळाली की यायचा. दीपालीला घर इतकं आवडलं की पहिल्या दिवशी तिने माजघराची जमीन तीनदा पुसली. मला म्हणाली, "मावशी, आयुष्यात पहिल्यांदा दाराला आतून कडी लावून झोपणार बघा मी. हॉस्टेलात कडीच नव्हती."

आता माझी चूक. तिच्यावरच सगळं उभं आहे, तेव्हा लपवून उपयोग नाही.

गणपती दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतात, आणि ज्या वर्षी आधी अधिक महिना पडतो त्या वर्षी एकदम लांबतात. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. दीपालीचा करार लिहायला बसले तेव्हा पुढच्या वर्षाचं कॅलेंडर बाजारात आलेलं नव्हतं. मी बोटांवर मोजलं. माझ्या हिशेबाने पुढच्या वर्षी अधिक महिना होता, म्हणजे गणपती सप्टेंबरच्या मध्यावर. त्याप्रमाणे करार सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंतचा केला आणि दीपालीलाही तेच सांगितलं. अधिक महिना त्या वर्षी नव्हताच, त्याच्या पुढच्या वर्षी होता. एक वर्ष आधीच मोजला मी. गणपती आले ऑगस्टच्या अखेरीला. दिवाळीला नवं कॅलेंडर घरात आलं, खिळ्याला लागलं, मी रोज त्यावर दुधाच्या पिशव्या लिहीत होते, पण पान उलटून बघायची बुद्धी झाली नाही. इतकी वर्षं जमलेलं गणित चुकेल असं कोणाला वाटतं?

दीपालीला दिवस गेले होते. तिने सगळा बेत माझ्या शब्दावर आखला. सप्टेंबर लागताच रजा, घर मोकळं, माहेरी लातूरला, तिकडेच बाळंतपण. जुलैच्या अखेरीला सारंगकाकांचा फोन आला, "आम्ही पंचवीसला येतंव, तेवढी चूल साफ करून ठेवा," तेव्हा मी कॅलेंडरचं पान उलटलं आणि चूक दिसली. दीपालीकडे धावले. ती बिचारी रागावलीसुद्धा नाही. रजा अलीकडे आणायला बघते म्हणाली. पण साथीचे दिवस, वॉर्ड भरलेले, ऐन वेळी रजा कोण देणार? आज मिळेल, उद्या मिळेल असं करता करता स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी ड्यूटीवरच तिच्या पोटात दुखायला लागलं. मुलगी झाली. सहा आठवडे आधी.

मी बघायला गेले. ओंजळीत मावेल एवढं बाळ. आठवड्याभराने घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "घाटाचा प्रवास महिनाभर नाही. खोली उबदार ठेवायची, एक दिवसाआड वजनाला आणायचं." दीपालीची आई लातूरहून आली होती, नवरा बाळाला बघून कामावर परतला होता. तिघी मांडवीच्या माजघरात गेल्या, कारण तीच एक खोली अशी की जिला गळती नाही आणि वारा लागत नाही. आणि पाच दिवसांनी त्या माजघराचा मालक येणार होता.

माझा करार वेळेवर संपला असता तर ही मुलगी केव्हाच माहेरी सुखरूप असती. हे मला झोपताना, उठताना, भाकरी थापताना दिसत होतं. मी गावभर फिरले. गणपतीच्या आठवड्यात रत्नागिरीत खोली मागणं म्हणजे काय ते इथल्या माणसालाच कळेल. लॉजवाले हसले. ज्यांना मी भाडेकरू मिळवून दिले ते मालक म्हणाले, "वहिनी, आमची माणसं कोंबड्यांच्या खुराड्यात झोपणार आहेत." खोटं नव्हतं ते. ज्यांची घरं वर्षभर अंधारात होती त्यांच्या खिडक्या झळकत होत्या, प्रत्येक ओट्यावर चपलांचा ढीग. एरवी ते दृश्य बघून माझं मन भरून येतं. त्या वर्षी मात्र प्रत्येक दिव्याखाली मला एक नकार दिसत होता.

या सगळ्या धावपळीत एक घर मी विचारलं नाही. ते पुढे येईलच.

पंचवीसला सकाळी मी मांडवीला जाऊन थांबले. फोनवर सांगायचं धाडस झालं नव्हतं. दीपाली पडवीत बसली होती, बाळाला छातीशी धरून. शेजारी दोन बॅगा आणि एक गाठोडं. मला म्हणाली, "मावशी, मी जाते की. स्टेशनवर बसते पाहिजे तर. काकांचा देव आहे." तिची आई भिंतीकडे तोंड करून पदराने डोळे पुसत होती.

दोन रिक्षा येऊन थांबल्या. सारंगकाका, काकी, त्यांचे धाकटे भाऊ भाई आणि सामान. बाकीची मंडळी दुसऱ्या दिवशी यायची होती. मी फाटकातच गाठलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. अधिक महिना, रजा, बाळ, डॉक्टर. शेवटी म्हटलं, "चूक माझी आहे, काका. तिची नाही."

काका ऐकत होते. मग म्हणाले, "कागद कधीपर्यंतचा?"

"सप्टेंबरच्या नऊ तारखेपर्यंत."

"म्हणजे कागदाप्रमाणं बाय बसू शकते घरात."

"कागदाप्रमाणे हो. शब्दाप्रमाणे नाही."

"आणि बाय काय म्हणते?"

"जाते म्हणते. बॅगा भरून बसली आहे."

भाई मध्येच म्हणाले, "दादा, बाळंतीण हाय घरात. सोयर धरायला लागंल. गणपती कसा बसवायचा?"

काकांनी भावाकडे बघितलंदेखील नाही. ते अंगण ओलांडून पडवीच्या पायरीशी गेले. चपला काढल्या. आणि पायरीवरच उभे राहून दीपालीला म्हणाले, "बाय, आत येऊ का?"

मी आयुष्यभर घरमालक पाहिले. न सांगता किल्लीने दार उघडून आत जाणारे पाहिले, भाडेकरूचं पातेलं उचलून बघणारे पाहिले. स्वतःच्या बापजाद्यांच्या घरात शिरताना भाडेकरणीची परवानगी मागणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. दीपालीने मान डोलावली.

काका आत आले, बाळाकडे वाकून बघितलं, हात मात्र लावला नाही. "प्रवासातनं आलंय, हात धुतलं नायत," म्हणाले. बाळाने जांभई दिली. मग त्यांनी माजघरात जाऊन आढ्याच्या हुकांकडे बघितलं, बराच वेळ. बापाने आणि आजोबाने मारलेले हूक. मी बाहेर देवाचा धावा करत होते, पण कोणत्या बाजूने करावा तेही कळत नव्हतं.

बाहेर आल्यावर काकांनी मला विचारलं, "वहिनी, सगळीकडं बघितलंत?"

"सगळीकडे, काका. एक घर सोडलं नाही."

"तुमच्या माडीवर कोण राहतं?"

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. खरोखर माहिती हवी होती त्यांना, म्हणून तर तो प्रश्न मला जास्त लागला. आमच्या घराला वर दोन खोल्या आहेत. संडास-बाथरूम वेगळं, जिना बाहेरून. माझा मुलगा निखिल पुण्याला नोकरीला लागला तेव्हा बांधल्या, तो येईल तेव्हा त्याला असाव्यात म्हणून. नवी गादी, नवं कपाट, खिडकीला जाळी. तो गणपतीला येतो, दीड दिवस राहतो, जातो. बाकी वर्षभर मी आठवड्यातून एकदा वर जाऊन झाडून येते. लोकांची बंद घरं उघडत गावभर फिरले, तेव्हा माझ्या डोक्यावर एक बंद घर होतं आणि मला ते कधी घर म्हणून दिसलंच नाही. दीपालीसाठी पाच दिवस फिरले त्यातही नाही. "निखिल यायचा आहे," हे वाक्य मनात इतकं पक्कं बसलं होतं की त्याच्या पुढे विचार जातच नव्हता. मालक मला जे सांगायचे तेच मी स्वतःला सांगत होते.

"कोणी नाही," मी म्हटलं. मान वर झाली नाही. "आणू का हिला तिथे? आत्ता आणते, काका."

"आता नको," काका म्हणाले. "बाहेरचा जिना, पाऊस, लेकराला वर-खाली करायला लागंल. विचारलं आपलं." मग भावाकडे वळले. "भाई, सोयर भावकीचं असतं. ह्या बायची भावकी लातूरला. आपल्याला कसलं सोयर? पंचांग कळत नसंल तर वहिनींना विचार." एवढं बोलून त्यांनाच हसू आलं. "गणपती पडवीत बसंल. ताडपत्री काढ ती पिशवीतनं."

पुढचे दोन तास मी नुसती बघत राहिले. पडवीला तीन बाजूंनी भिंत नव्हती, पाऊस तिरका येत होता. त्या सत्तरीच्या माणसाने निळी ताडपत्री खांबांना अशी आवळली की वारा आत फिरकेना. बोटीवरच्या गाठी त्या. एकेक गाठ मारून खेचून बघायचे आणि स्वतःशीच हूं म्हणायचे. माटवी बांधायला हूक नव्हते. वाशांवरून दोर टाकून त्यांनी ती अधांतरी तोलली, चारी कोपरे समान. काकींनी दीपालीच्या बॅगा स्वतः उचलून आत नेल्या आणि तिच्या आईला म्हणाल्या, "बाळंतिणीचं पथ्य माझ्याकडं. तुमच्याकडं शेपू खातात का? इथं मिळायचा नाय, पण लाडू करंन." दुसऱ्या दिवशी डोंबिवलीहून चौदा माणसं आली. ती स्वयंपाकघरात, शेजाऱ्यांच्या ओटीवर आणि गणपतीच्या पुढ्यात अशी मिळेल तिथे आडवी झाली. माजघराच्या दारावर काकींनी जुनं लुगडं लावलं. त्याच्या आत फक्त दोन बायका आणि एक जीव. आरतीला झांजा वाजवायच्या नाहीत, टाळ्याच, असा काकांचा हुकूम होता. नाटेकरांच्या घरात झांजेशिवाय आरती! सगळी वाडी बघायला आली.

चतुर्थीला पूजा झाल्यावर काकांनी गाऱ्हाणं घातलं. घरच्या वडीलधाऱ्याने देवापुढे सगळ्यांच्या वतीने मोठ्याने मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी हुंकार द्यायचा, अशी आमच्याकडची रीत. मी मागे खांबाशी उभी होते. नैवेद्याला बोलावलं होतं म्हणून आले होते, तोंड दाखवायची इच्छा नव्हती.

"बा देवा म्हाराजा," काकांचा आवाज बोटीवरचा, आता जरा दबका केलेला, "तुजी लेकरं मुंबैवरनं तुज्या पायाशी आली हायत, त्यांची वाट सांभाळ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"तुला यंदा पडवीत बसवलंय. पावसाचं चार थेंब उडतील. रुसू नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या घरात जे लेकरू आलंय, त्याचं वजन वाढू दे रे म्हाराजा."

पोरं-टोरं, म्हातारे, शेजारी, सगळे एका आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा!" लुगड्याच्या पडद्याआडून दीपालीच्या आईचा हुंदका ऐकू आला. माझेही डोळे वाहायला लागले, आणि मी ते पुसलेही नाहीत. कुठली लातूरची पोर, कुठले हे दर्यावर्दी लोक, आणि तिच्या लेकीच्या वजनासाठी पंचवीस माणसं देवापुढे ओरडतात. मनुष्यजन्म मोठा आहे, हे कीर्तनात ऐकलं होतं. त्या पडवीत ते मला डोळ्यांनी दिसलं.

"आणि मयेकर वहिनींना," काका म्हणाले, आणि मी डोळे मिटले, "अधिक महिना मोजायची बुद्धी दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हा हुंकार सगळ्यांत मोठा होता. आत बाळ रडायला लागलं.

भाई म्हणाले, "दादा, आता लेकरू आपल्या घरचं म्हणालास. मग सोयर लागलं की रे!" काका म्हणाले, "मग धर आणि बाजूला बस. तुझे मोदक मी खातो." भाई बाजूला बसले नाहीत.

गौरी-गणपती गेले तेव्हा बाळाचं वजन चांगलं वाढलेलं होतं. दीपाली महिन्याने लातूरला गेली आणि रजा संपल्यावर लेकीला घेऊन परत त्याच घरात आली. अजून तिथेच आहे. कागद दरवर्षी नवा होतो. मोकळं करायचं बोलणं आता निघत नाही, कारण त्या वर्षापासून नाटेकरांचा गणपती पडवीतच बसतो. मी एकदा विचारलं, "काका, आता तर माजघर देईल ती." ते म्हणाले, "देवाला तिथं वारा बरा लागतो, वहिनी." वारा त्यांनी ताडपत्रीने अडवलेला असतो, हे मी त्यांना म्हटलं नाही. आजोबांचे हूक आढ्याला तसेच आहेत. दीपालीने त्यांना बाळाचा पाळणा बांधला होता.

दुकान मी आता बंद केलं आहे. खोल्या मोबाइलवर शोधतात हल्ली, चांगलंच आहे, मोबाइलला अधिक महिना बरोबर कळतो. पण बंद करण्याआधी शेवटचा करार मी टाइप केला तो माझा स्वतःचा. माडीवर दोघी बहिणी राहतात, संगमेश्वरकडच्या, एक कॉलेजात शिकवते, दुसरी शिकते. त्या बघायला आल्या तेव्हा थोरलीने जिन्याशीच थांबून विचारलं, "काकू, गणपतीला काय?" मी म्हटलं, "गणपतीला खाली जेवायला यायचं."

त्या संध्याकाळी निखिलला फोन करून सांगितलं. त्याला वाईट वाटलं असणार, आणि मला त्याचं वाईट वाटलं. मग म्हणाला, "अगं आई, मग गणपतीला मी आलो की झोपायचं कुठे?"

"पडवीत," मी म्हटलं. "तिथे मोठमोठ्यांची सोय होते."